काठ कापलेल्या ताटाची व्यवस्था

मी, द्वारका मुरलीधर वडके, माहेरची द्वारका प्रल्हाद पिंपळे, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, धंदा सफाई आणि छपाई, राहणार क्रेगीबर्न, मेलबर्न, आज गुरुवार ता. १९ नोव्हेंबर २००९ रोजी सकाळी हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. डोके ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे, ती मंगळवारी काढणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर तीन वेळा म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर मी लिहायला बसले नसते. मला कोणी लिहायला लावलेले नाही. उलट घरातले दोघेही नको म्हणतात.

माझा मुलगा वेद याने पोस्टातून मृत्युपत्राचा छापील इंग्रजी फॉर्म आणला. त्यातल्या रिकाम्या जागांत माझं नावसुद्धा मावेना. म्हणून वहीच्या पानांवर मराठीत लिहिते. वेदने याचे इंग्रजी करून घ्यावे आणि करताना काही गाळू नये. शेजारचे चंद्रहास भोईटे कॉम्प्युटरवाले आहेत, वकील नाहीत, पण वडिलांचं मृत्युपत्र त्यांनी स्वतः कोर्टातून सोडवून आणलं होतं. ते कुंपणावरून म्हणाले, "काकू, कलमं पाडा. आणि खाडाखोड करू नका. केलीत तर तिथे सही करा." तर पाडते.

कलम १. घर. घर दोघांच्या नावावर आहे. माझा भाग माझे यजमान मुरलीधर यांना जावा, त्यांच्यानंतर वेदला. घर विकायचं तर विका, मला ते कधीच आवडलं नाही, खिडक्या चुकीच्या दिशेला आहेत. मात्र विकेपर्यंत गॅरेजमध्ये गाडी ठेवू नये. पाच वर्षं गाडी बाहेर उन्हात आहे, तिला सवय झाली आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते बापलेकांनी वाटून घ्यावे. पाटल्या आणि मंगळसूत्र वेदच्या बायकोला. ती अजून नाही. मी शोधणार नव्हते, तेव्हा माझ्यामुळे अडलं असं कोणी म्हणू नये.

कलम ३. माझ्या वडिलांची हत्यारे, म्हणजे दोन छिन्न्या, एक टोचणी, पावशेराची हातोडी आणि राळेचा डबा. वडील पुण्यात रविवार पेठेत एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. चौथीनंतर मला शाळेतून काढलं ते त्यांच्या हाताखाली बसवायला. म्हणून माझं लिहिणं हे असं आहे. 'यांस सप्रेम भेट', 'यांचे स्मरणार्थ' हे मी डोळे मिटून कोरीन, साधी चिठ्ठी लिहायची म्हटलं की हाताला घाम सुटतो. दादा, म्हणजे वडीलच, म्हणायचे, "द्वारके, भांड्यावर खोडता येत नाही. आधी अक्षर डोळ्याने ठेव, मग हाताने. घाई तुझ्या अंगात आहे, ती छिन्नीत उतरू देऊ नकोस." उतरली. पुढे येईलच ते.

ही सगळी हत्यारे रुचा भिलारे हिला द्यावीत. ती माझी कोणी नाही. दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकत होती. आता सिडनीला पॅरामॅटात असते आणि माझा फोन घेत नाही. तिचं सगळं कलम ७ मध्ये येईल. मी अजून तिथे पोचलेले नाही. कुकर लावून येते.

कलम ४. रोलर. यजमान पत्र्याच्या कारखान्यात फिटर आहेत. तिथे पत्रा वाकवायचं जुनं मशीन भंगारात निघालं. त्याचे दोन रोलर यांनी घरी गॅरेजमध्ये आणले, मधून सरकायला लोखंडी फळी केली आणि फिरवायला मोठ्या नळाचं चाक लावलं. तेच माझं छपाईचं मशीन. नोलीनच्या आर्ट सेंटरमध्ये आहे ते विकतचं. ते माझ्याएवढं दाबत नाही.

हे माझ्या आयुष्यात कसं आलं ते लिहिते, नाहीतर वेद इंग्रजीत भलतंच काहीतरी लिहील. मी त्या आर्ट सेंटरमध्ये दुपारी सफाई करते. नोलीन तिथली छपाईची बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, अनवाणी फिरणारी. एकदा तिच्या वर्गात एक बाई तांब्याच्या पत्र्यावर नातवाचं नाव काढत होती आणि सुई सारखी घसरत होती. मी बराच वेळ पाहिलं. मग मॉप भिंतीला लावला, तिच्या हातातून सुई घेतली आणि ठिपक्याला ठिपका लावून नाव घालून दिलं. नोलीन मागे येऊन उभी.

"मेट, हे कुठे शिकलीस?"

मी म्हटलं, "फादर. पॉट. नेम."

तिने त्या पत्र्याला शाई लावली, पुसली, ओला कागद ठेवला आणि चाक फिरवलं. कागद उचलला तर नाव उलटं! वर्ग हसला. मी म्हटलं, "युअर मशीन ब्रोकन." मग तर नोलीनला खुर्ची धरावी लागली.

आता तेच माझं काम म्हणून ओळखलं जातं. आरशातलं अक्षर कोरायला मला येतं, पण मी कोरत नाही. भांड्यावरचं नाव जेवणाऱ्याला सुलटं दिसलं पाहिजे. कागदवाल्यांनी आपली मान वाकडी करावी.

नोलीनने मला मेण शिकवलं, ॲसिड शिकवलं. मग म्हणाली की एक पिवळा दगड असतो, त्याची पूड पत्र्यावर पेरायची, खालून तापवायची, म्हणजे पूड वितळून बारीक कण चिकटतात, ॲसिड कणांच्या मधूनमधून खातं आणि छापात करडी सावली येते. ती डबा उघडायच्या आत मला वास आला. राळ! लहानपणी माझ्या नखांत असायची ती. आमच्याकडे भांडं ठोकताना हलू नये म्हणून राळेवर बसवतात. तिला वाटलं ती मला काही नवीन देते आहे, आणि मला वाटलं हे लोक आमची राळ घेऊन इथे काय करत बसलेत. त्या दिवशी सफाई अर्धी राहिली. त्याबद्दल मॅनेजरने मला पत्र दिलं. त्याचं कलम ६ मध्ये बघते.

रोलर रुचाला द्यावा. न्यायला दोन माणसं लागतील. वापरताना: शाई बोटाने भरावी, कांजी केलेल्या जुन्या पातळाने पुसावी, शेवटचं पुसणं तळहाताने. तळहात थंड असावा. माझा नाही, म्हणून माझे छाप मळकट येतात. रुचाचा हात थंड आहे. कागदावर नोलीन फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, घालते, मी घोंगडीचा तुकडा घालते, कारण पहिल्या दिवशी तोच हाताशी होता. घोंगडीची वीण कागदावर उमटते. एका माणसाने पेपरात लिहिलं की त्या विणीत स्थलांतराचं दुःख आहे. त्यात काही दुःख नाही. घोंगडी आहे.

कलम ५. भिंतीवरची सात ताटे. आता काठ नसल्यामुळे त्यांना ताटे म्हणावं की पत्रे, ते चंद्रहास यांनी ठरवावे.

आम्ही घरातल्या दोन खोल्या शिकायला येणाऱ्या मुलांना देत आलो. ह्या पाच वर्षांत पोरांचा नुसता पूर आला. कोणी कुकरी शिकायला, कोणी केस कापायला, कोणी अकाउंट. शिकायची आवड दोघा-तिघांना, बाकी सगळे पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून. सकाळी सगळे ट्रेनला धावायचे, दुपारनंतर शिफ्टला, आणि जेवायला येईल तो येईल. सगळ्यांना एकसारखी स्टीलची ताटं घेतली होती, तर माझं कुठलं, तुझं कुठलं यावरून रोज कटकट. शेवटी मी दादांची हत्यारं काढली आणि प्रत्येकाच्या ताटावर मधोमध नाव घातलं. आपल्या घरी घालतात तसं. पोरं गप्प झाली. एकाने ताट छातीशी धरून आईला फोटो पाठवला.

त्यातला निनाद नोकरी मिळाल्यावर किल्ली फ्रीजवर ठेवून गेला, ताट राहिलं. धुताना मी ते खिडकीजवळ धरलं. अडीच वर्षांचे ओरखडे. चमचा कुठून फिरायचा, घासणी कशी फिरायची, सगळं त्यात होतं. निनाद डावखुरा, सगळे ओरखडे उजवीकडे झुकलेले. मला वाटलं, हे तर कोरून तयार आहे, मी फक्त शाई भरायची. मी चित्रं काढत नाही. फुलं नाही, कांगारू नाही. माणूस रोज जेवून जे कोरतो ते मी छापते. एवढीच माझी कला, आणि ती सांगायला मला कधी पाच मिनिटांच्या वर लागलेली नाहीत.

पण काठ असलेलं ताट रोलरखाली जात नाही. काठ कापावा लागतो. कापला की त्यात पुन्हा जेवता येत नाही. म्हणून नियम केला की जो कायमचा गेला त्याचंच ताट कापायचं. किल्ली फ्रीजवर ठेवली म्हणजे गेला.

ही सात ज्याची त्याला द्यावीत. पत्ते डायरीत आहेत. कोणाला नको असेल तर नोलीनला. त्यातल्या लीनाने आपलं आधीच मागितलं आहे. तिला सांगा, आधी माझी कढई परत कर.

कलम ६. जे मी माफ केलेले नाही ते. आर्ट सेंटरच्या मॅनेजरने प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात माझ्या नावाखाली 'आमच्या क्लीनर' असं छापलं. बाकीच्यांच्या खाली त्यांची नोकरी छापली नव्हती. त्याला माझा एकही छाप देऊ नये, विकतही नाही. दुसरं, माझ्या तेराव्याला माझ्या नावाच्या वाट्या वाटू नयेत. वाटायच्याच असतील तर नाव मशीनने घालू नये, मशीनचं अक्षर थरथरतं. आणखी दोघी-तिघी आहेत, पण त्यांना या कागदात जागा देण्याइतकी त्यांची लायकी नाही.

उठते. तीन वेळा उठून झालं. कलम ७ आलं की मला ओट्यावर काहीतरी दिसतं.

कलम ७. रुचाचे ताट.

शुक्रवार. काल एवढंच लिहून झालं. आज लिहिते.

रुचा वाईची. कुकरी शिकायला आली, पण हात कुकरीचा नव्हता, भाजी करपवायची. गॅरेजमध्ये मात्र तासन्‌तास बसायची. मी शाई भरायची, ती पुसायची. मला म्हणायची, "काकू, तुम्ही पुसता की मारता?" जेवायची भरभर आणि ताट स्वतः घासायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. गोल गोल घासायची, रागाने घासल्यासारखी. घरी काय चाललंय हे ती सांगायची नाही, मी विचारायची नाही. मला विचारायला वेळ नसतो. आता वाटतं, काढायला हवा होता.

ह्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या ऑगस्टात, तिच्या कॉलेजला एका सकाळी कुलूप लागलं. असली बरीच कॉलेजं ह्या वर्षी बंद पडली. पोरं रस्त्यावर फायली घेऊन उभी. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना बायपासला घेतलं. ती बॅग भरून गेली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर फ्रीजवर किल्ली.

मी समजले की गेली. कॉलेज नाही, व्हिसाचा ठिकाणा नाही, बाप आजारी. कशाला येते परत? कोणी फोन करून विचारलं असतं. मी नाही. मला वाईट वाटलं की मी हातांना काम देते. आठव्या दिवशी तिचं ताट घेतलं. काठ नेहमी हे कापतात, फिटरचा हात, गोल म्हणजे गोल. हे शिफ्टला होते. संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. मी थांबले नाही. पत्रा कापायची कात्री घेऊन मीच कापलं. एका जागी कात्री आत गेली, वाकडी.

आणि मग छाप काढला. मी आजवर काढलेल्यात तसा दुसरा नाही. आत आत फिरत जाणारी वर्तुळं, एकात एक अडकलेली, मधे उलटं रुचा, आणि एका बाजूला जिथे ती रोज लिंबू पिळायची तिथे फिकट जागा. मी तीन प्रती काढल्या. नोलीन आली आणि कागदाला नाक लावून बघत बसली.

तेराव्या दिवशी रुचा दारात. एअरपोर्टवरून थेट, बॅगेला चिठ्ठी लटकलेली. वडील बरे होते. दुसऱ्या कॉलेजात नाव लावायची पत्रं आली होती, ती हातात. "काकू, भूक लागलीय, आधी जेवायला द्या." किल्ली हरवू नये म्हणून फ्रीजवर ठेवली होती म्हणे.

मी पाहुण्यांच्या ताटात वाढलं.

"माझं ताट?"

"घासायला पडलंय."

"मी घासते ना," म्हणत ती सिंककडे गेली. सिंकमध्ये नव्हतं. गॅरेजचं दार उघडं होतं. दोरीवर तीन कागद वाळत होते. नाव उलटं, तरी तिने ओळखलं. नावावरून ओळखलंच नाही तिने, ओरखड्यांवरून ओळखलं.

"काकू, हे मी आहे."

"चांगलं आलंय," मी म्हटलं. देवाशपथ, तेवढंच सुचलं.

"मी मेले होते का?"

"अगं, किल्ली..."

"बारा दिवस, काकू. तेराव्याच्या आत ताट मोडलंत. माझ्या आईने माझं तिथलं ताट दोन वर्षं पालथं घालून ठेवलंय, कोणाला जेवू देत नाही त्यात."

बॅग उघडलीच नव्हती, त्यामुळे न्यायला सोपी गेली. जेवली नाही. मी मागे धावले नाही. मला माफी मागायची सवय नाही, आणि दोन मिनिटांत शिकण्यासारखी ती गोष्टही नाही.

शनिवार. कलम ७ पुढे चालू.

शहरातल्या एका गॅलरीने रुचाच्या ताटाच्या वीस प्रती मागितल्या आहेत. वीस झाल्या की पत्रा रद्द करायचा. रद्द म्हणजे त्याच्यावर आडवी-उभी फुली कोरायची, म्हणजे पुढे कोणी चोरून छापणार नाही. ही छपाईवाल्यांची रीतच आहे. कागद दोन महिने माझ्या सहीसाठी पडला आहे. वेद काल म्हणाला, "मम, जस्ट साइन इट. इट्स युअर बेस्ट वर्क."

"तिच्या नावावर फुली मारायची?"

"इट्स अ प्लेट."

"ताट आहे."

"एक्झॅक्टली, मम. अ प्लेट."

इंग्रजीत ताटही प्लेट आणि छपाईचा पत्राही प्लेट, याच्याशी वाद घालता येत नाही. बापाकडे बघितलं तर बाप वर्तमानपत्रात. मी म्हटलं, "तुम्ही बोला की." हे म्हणाले, "काठ मी फेकलेला नाही." आणि पान उलटलं.

मी गॅरेजमध्ये गेले. आत खिळ्याला अडकवलेला, पत्र्याच्या बांगडीसारखा, रुचाच्या ताटाचा काठ. तीन महिने तिथेच होता. मी रोज त्याच्याखालून जात होते.

तर आज शनिवारी सकाळी ठरवले ते असे. गॅलरीचा कागद सही न करता परत पाठवावा. शाई मी खोबरेल तेलाने काढली, मग चिंचेने, मग साबणाने दोनदा. यांनी वेल्डिंग मशीन लावलं.

"सगळा गोल जोडला तर पत्रा वेडावाकडा होईल," हे म्हणाले. "टाके मारतो मधेमधे."

"मजबूत मारा."

"तू कापलंयस असं की एका जागी भेटतच नाही. फट राहणार."

"राहू दे."

"गळेल."

"गळू दे हो! मारा तुम्ही."

मारले. गोधडीसारखं दिसतं. वास्तविक वाईटच दिसतं. पण आता ते रोलरखाली जात नाही. म्हणजे छापणं रद्द झालं, फुली न मारता. नोलीनला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली असं कोणी केल्याचं तिने ऐकलेलं नाही. मी म्हटलं, ऐकलंस आता.

म्हणून या कलमाने असे की: सदर ताट रुचा भिलारे हिचे आहे व तिलाच द्यावे. त्याच्या तीन प्रती निघाल्या, चौथी निघालेली नाही, निघणार नाही व कोणी काढू नये. तिन्ही प्रती घरात आहेत, त्याही तिच्या. तिने ठेवाव्या, फाडाव्या. ताट तिने पॅरामॅटाला न्यावे आणि त्यात जेवावे. नको असेल तर तिच्या आईकडे वाईला पाठवावे, तिने पालथे घालून ठेवावे.

चुकले, हे इथे लिहिले आहे असे समजावे. दोनदा लिहायला लावू नये.

रविवार, दुपार.

सही करायची म्हणून ही पानं जेवणाच्या टेबलावर लावून ठेवली होती. साक्षीदार म्हणून नोलीन आणि चंद्रहास आलेले. नोलीन आज चपला घालून आली, कायद्याचं काम म्हणून. मी पेन उचललं आणि बेल वाजली.

रुचा. हातात पिशवी, केस बसमध्ये झोपून बसलेले. सिडनीहून.

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मी फोन केला. तिने माझा घेतला."

"मला सांगायचं नाही?"

"तू नको म्हणाली असतीस."

रुचा दारातच. "काका म्हणाले ऑपरेशन आहे. मला वाटलं, बघून यावं. थांबणार नाहीये मी." मग नाक वर करून, "आमटी आहे का?"

मी ते ताट घेतलं आणि त्यात वाढलं. भात, आमटी, बटाट्याची भाजी, लिंबू. टेबलावर जागा नव्हती, तिच्यासमोर पानांवरच ठेवलं. तिने ताटाकडे बघितलं. काठावरून एक बोट फिरवलं, टाक्यावरून टाक्यावर.

"हे कोणी केलं?"

"काकांनी."

"किती वाईट झालंय."

"कापलं मी होतं ना वाकडं, मग?"

मग आमटी फटीतून यायला लागली. चंद्रहास ओरडले, "काकू, डॉक्युमेंट!" सगळे उठले. रुचा उठली नाही. तिने भात कडेला ओढला, बोटांनी दाबून फटीच्या आतून बांध घातला, शेताला घालतात तसा, आणि आमटी पलीकडे थोपवली. मग जेवायला लागली. भरभर, पूर्वीसारखी. अर्धं झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि मग रडायला लागली आणि जेवतच राहिली. नोलीन तिच्या पाठीवर हात ठेवून "यू राइट, डार्ल", म्हणजे बरी आहेस ना गं, म्हणत राहिली. मी वेदला म्हटलं, मीठ आण, काय बघतोस.

जेवून झाल्यावर तिने ताट उचललं, स्वतः घासायला नेलं. खालच्या पानावर, आठव्या, हळदीचा गोल. अर्धा स्पष्ट, अर्धा फिकट, मधे टाक्यांच्या जागी कोरा, आणि जिथे माझी कात्री आत गेली होती तिथे मोठा ठिपका. चंद्रहास म्हणाले, "हे पान परत लिहावं लागेल." नोलीनने पान उचलून उजेडात धरलं, बराच वेळ. म्हणाली, "नंबर घाल त्याला." एकूण किती छापांतला हा कितवा, तो आकडा छापाखाली घालतात.

पान मी परत लिहिणार नाही. मला वेळ नाही, मंगळवार जवळ आला.

सिंककडून रुचा ओरडली, "मी पण सही करू का?" चंद्रहास म्हणाले, "जिला मिळायचंय तिने करायची नाही." ती म्हणाली, "मग काकू, मंगळवारी हॉस्पिटलला कोण चाललंय तुमच्याबरोबर?" मी म्हटलं हे आहेत. "काकांना इंग्रजी फॉर्म भरता येत नाहीत. मी येते." थांबणार नव्हती ती.

दुरुस्ती, कलम ७: जिथे 'तीन प्रती' लिहिले आहे तिथे 'चार' वाचावे. 'चौथी निघालेली नाही' हे काढून टाकावे. पान ८ वर जो पिवळा गोल आहे तो आमटीचा असून ती चौथी प्रत समजावी. तिच्या खाली डाव्या बाजूला मी पेन्सिलने ४/४ असा आकडा घातला आहे व उजवीकडे सही केली आहे. याखेरीज या कागदात खाडाखोड नाही.

ठिकाण: क्रेगीबर्न, मेलबर्न. जेवणाचे टेबल.
तारीख: रविवार, २२ नोव्हेंबर २००९.

सही: द्वारका मुरलीधर वडके
(सही सुलटी आहे.)

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:

१. चंद्रहास भोईटे, शेजारी. मजकूर वाचला. मी दिलेली सूचना पाळली गेलेली नाही.

२. नोलीन, छपाईची बाई. मराठी येत नाही. पान ८ पाहिले आहे.